मोजणारा बाहेरचा हवा

लिनक्सवर चालणाऱ्या कुठल्याही यंत्राच्या टर्मिनलवर 'एलएसमॉड' असे टाइप केले, की त्या घडीला कर्नलमध्ये चढवलेल्या मॉड्यूलांची यादी येते. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात आकार आणि तिसऱ्यात एक आकडा. ड्रायव्हर लिहायला नव्याने बसलेल्याची पहिली गफलत बहुधा या तिसऱ्या रकान्यात होते. इंटेलच्या नेटवर्क कार्डाचा 'ई१०००ई' हा ड्रायव्हर घ्या. केबल लावलेली आहे, डाउनलोड जोरात चालले आहे, आणि आकडा मात्र शून्य. त्याच यादीत साउंड कार्डाचा ड्रायव्हर पाहावा, तर एकही सूर वाजत नसताना तिथे शून्याहून मोठा आकडा बसलेला असतो. 'आरएममॉड' ही आज्ञा पहिल्याला बिनबोभाट काढून टाकते (नेटवर्क अर्थातच तुटते) आणि दुसऱ्याच्या बाबतीत मॉड्यूल वापरात असल्याचे सांगून हात वर करते. तेव्हा वापर किती आहे हे काही या आकड्यावरून कळत नाही. या मॉड्यूलचा कोड मेमरीतून जाऊ नये, असा दावा या क्षणी किती जणांनी नोंदवून ठेवला आहे, एवढेच तो सांगतो. दावा कोणी नोंदवायचा, कधी नोंदवायचा आणि कोणत्या वस्तूवर, या तीन प्रश्नांभोवती मॉड्यूलच्या मालकीचा सगळा विषय फिरतो. त्यांतला 'कोणी' हा प्रश्न नीट सुटला की उरलेल्या दोहोंची बरीचशी गुंतागुंत उकलते, हे या प्रस्तावनेतले माझे म्हणणे आहे.

मॉड्यूल म्हणजे चालू कर्नलच्या पोटात मागाहून नेऊन बसवलेला कोड. बसल्याबसल्या ते आपल्या फंक्शनांचे पत्ते कर्नलच्या निरनिराळ्या विभागांकडे देऊन ठेवते: फाइल उघडली तर हे फंक्शन बोलवा, वाचायची झाली तर हे, नवे कार्ड सापडले तर हे. मॉड्यूल काढले की त्या कोडची मेमरी कर्नलकडे परत जाते. पण वाटलेले पत्ते कोणाकडे शिल्लक राहिले असतील, किंवा एखादा सीपीयू त्या फंक्शनच्या मध्यावर असेल, तर पुढची सूचना आणायला तो जिथे जाईल तिथे काहीच नसते. साध्या प्रोग्रॅममध्ये असे झाले तर तो एकटा प्रोग्रॅम मरतो. कर्नलमध्ये 'ऊप्स' येतो, आणि मेलेल्या कामाच्या हाती एखादे लॉक असेल तर हळूहळू सगळे यंत्र त्याच्या रांगेत थिजते. त्यातही मेमरी मोकळी होऊन लगेच दुसऱ्याला दिली गेली असेल तर ऊप्सही येत नाही. भलत्याच जागी भलताच डेटा बिघडतो आणि बग आठवड्याने, दुसऱ्याच ड्रायव्हरच्या नावावर उगवतो.

सुरुवातीच्या काळातला उपाय दिसायला सोपा होता. प्रत्येक ड्रायव्हरने आपल्या 'ओपन' फंक्शनात 'मॉड_इंक_यूज_काउंट' हा मॅक्रो लिहायचा आणि 'रिलीज' फंक्शनात 'मॉड_डेक_यूज_काउंट'. उघडताना एक वाढला, मिटताना एक घटला, हिशेब चोख. शेकडो ड्रायव्हरांत हे दोन मॅक्रो होते आणि पाठ्यपुस्तकांतही तसेच शिकवले जाई. पण या हिशेबाला दोन्ही टोकांना भोक होते. कर्नलने टेबलातून 'ओपन'चा पत्ता उचलला त्या क्षणापासून ते मॉड्यूलमधली ती वाढीची ओळ प्रत्यक्ष चालेपर्यंत मधे काही सूचना जातात. तेवढ्यात दुसऱ्या सीपीयूवर कोणी मॉड्यूल काढायला घेतले, तर त्याला आकडा शून्यच दिसतो आणि तो निर्धास्तपणे कोड काढून टाकतो. मिटताना उलट प्रकार: आकडा घटवून झाल्यावरही फंक्शनचा शेवट, रजिस्टरे पूर्ववत करणे आणि परत जाण्याची सूचना एवढे काम बाकी असते, आणि ते सगळे ज्याच्यावरचा दावा आत्ताच सोडला त्याच कोडमध्ये. घराबाहेर पडलेल्या माणसाला आतून कडी लावता येत नाही, तशी ही अडचण होती. 'बिग कर्नल लॉक' नावाच्या एका जाडजूड कुलपाने ती बरीच वर्षे झाकून ठेवली. उघडण्याचे आणि मॉड्यूल काढण्याचे काम त्याच कुलपाखाली चाले, त्यामुळे आकडा वाढवण्याआधी ड्रायव्हर झोपी गेला नाही तर निभावून जाई. एकाहून अधिक प्रोसेसरांची यंत्रे वाढली, ते कुलूप जागोजागी बारीक करण्याचा उद्योग सुरू झाला, आणि झाकलेले भोक उघडे पडले.

यातून निघालेला धडा ड्रायव्हर-लेखकांच्या शिस्तीबद्दल नव्हता. मॅक्रो कितीही काळजीपूर्वक लिहिला तरी चूक तशीच राहणार होती, कारण ज्या कोडला वाचवायचे त्याच कोडच्या आत राहून वाचवण्याची नोंद करायची होती. २.४ या आवृत्तीत (जानेवारी २००१) दिशा बदलली. फाइलवरच्या क्रियांच्या टेबलात 'ओनर' हे एक खाते आले. त्यात ड्रायव्हरने 'धिस_मॉड्यूल' एवढे लिहायचे आणि मोजण्याचे काम सोडून द्यायचे. कर्नलचा गाभा टेबलातून फंक्शनचा पत्ता उचलण्याआधी मालकाचे नाव पाहतो, त्याच्यावर दावा नोंदवतो आणि मगच आत पाऊल टाकतो. नोव्हेंबर २००२ मध्ये रस्टी रसेल यांनी नव्याने लिहिलेला मॉड्यूल लोडर २.५.४८ मध्ये दाखल झाला आणि 'ट्राय_मॉड्यूल_गेट' व 'मॉड्यूल_पुट' ही आजची जोडी रूढ झाली. डिसेंबर २००३ च्या २.६.० पासून जुने मॅक्रो मागे पडत गेले. 'ट्राय' हा शब्द तिथे शोभेला नाही. मॉड्यूल निघण्याच्या वाटेवर असेल तर गाभ्याला नकार मिळतो आणि त्याने ते मॉड्यूल जणू अस्तित्वातच नाही असे समजून परत फिरायचे असते. नकाराची ही शक्यता जुन्या मॅक्रोत नव्हतीच, तो मुकाट वाढत असे.

कॅरेक्टर डिव्हाइस उघडताना चालणारे 'सीडेव्ह_गेट' हे चिमुकले फंक्शन या संदर्भात ओळीओळीने वाचण्यासारखे आहे. ते प्रथम मालकाचा पत्ता एका स्थानिक चलात घेते. मग 'ट्राय_मॉड्यूल_गेट' करते, नकार आला तर रिकाम्या हाती परत जाते. त्यानंतर त्या डिव्हाइसच्या नोंदीवर दुसरा, वेगळा रेफरन्स घेण्याचा प्रयत्न करते, आणि तो मिळाला नाही तर आधी घेतलेला मॉड्यूलवरचा दावा परत करते. 'सीडेव्ह_पुट'मध्ये उलटा क्रम: आधी नोंदीवरचा रेफरन्स सोडायचा, मग मॉड्यूलवरचा. इथेही मालकाचा पत्ता सुरुवातीलाच स्थानिक चलात उतरवून ठेवलेला असतो. का, तर नोंदीवरचा रेफरन्स सोडताच ती नोंद मेमरीतून गेलेली असू शकते, आणि गेलेल्या नोंदीत मालक शोधणे म्हणजे ज्या बगपासून बचाव करायचा तोच करून बसणे. दोन-चार ओळींत केवढा विचार कोंबलेला आहे! फाइल मिटताना कर्नल आधी ड्रायव्हरचे 'रिलीज' बोलावतो, ते पूर्ण होऊन ताबा गाभ्याकडे परत आल्यावरच 'सीडेव्ह_पुट' करतो, आणि टेबलाच्या मालकावरचा दावा सोडण्याचे कामही गाभ्याच्याच कोडमध्ये होते. कडी बाहेरून लागते.

'धिस_मॉड्यूल' हेही थोडे बारकाईने पाहावे. कोड मॉड्यूल म्हणून बांधला जात असेल तर हा मॅक्रो त्या मॉड्यूलच्या नोंदीचा पत्ता देतो. तोच कोड कर्नलच्या गाभ्यात बांधून टाकला तर तो निव्वळ शून्य पत्ता देतो, आणि शून्य मालकावर 'ट्राय_मॉड्यूल_गेट' नेहमी यशस्वी होते, कारण गाभा कुठे जाणार? मात्र मॅक्रो ज्या फाइलमध्ये लिहिला तिचाच मालक सांगतो. म्हणून ड्रायव्हरची नोंदणी करणारे गाभ्यातले फंक्शन स्वतः 'धिस_मॉड्यूल' म्हणू शकत नाही. म्हटले तर प्रत्येक ड्रायव्हरचा मालक गाभाच ठरेल. यावरचा तोडगा असा, की 'पीसीआय_रजिस्टर_ड्रायव्हर' हे मुळी फंक्शन नाहीच. तो मॅक्रो आहे आणि बोलावणाऱ्याच्या फाइलमध्ये उलगडून तिथला मालक आत पाठवतो. प्लॅटफॉर्म ड्रायव्हरांचेही तसेच. त्यामुळे ड्रायव्हर-लेखकाने 'ओनर' हाताने लिहिण्याची गरज बऱ्याच ठिकाणी उरलेली नाही, आणि जुन्या ड्रायव्हरांतल्या तशा ओळी शोधून काढायला कोक्सिनेलची तयार स्क्रिप्टही कर्नलच्या झाडात आहे. मालकी सांगणे विसरता येऊ नये अशी रचना करणे, हा माझ्या लेखी या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय.

एवढे असूनही ड्रायव्हरच्या आतून 'ट्राय_मॉड्यूल_गेट(धिस_मॉड्यूल)' असे लिहिलेला कोड अधूनमधून भेटतो. समर्थन ठरलेले असते: एक दावा जास्त घेतला तर बिघडले कुठे, सुरक्षितच होईल. याला दोन उत्तरे आहेत. जो कोड ही ओळ चालवतो आहे तो आधीच जिवंत असला पाहिजे, नाहीतर ती ओळ चाललीच नसती. आणि तो कोणी बाहेरच्याने धरून ठेवल्यामुळे जिवंत असेल तर हा दावा फुकटचा. कोणीही धरलेले नसेल तर ओळ चालण्याआधीच खेळ आटोपलेला असू शकतो. दुसरे उत्तर अधिक रोखठोक आहे. हाच दावा ड्रायव्हरने 'प्रोब'मध्ये घेतला आणि सोडण्याचे काम 'एक्झिट'वर ठेवले, तर 'एक्झिट' कधी चालणारच नाही, कारण आकडा शून्यावर आल्याशिवाय कर्नल त्याला बोलावत नाही आणि तो चालल्याशिवाय आकडा शून्यावर येत नाही. मॉड्यूल स्वतःलाच ओलीस ठेवून बसते. खरी गरज असते ती मॉड्यूलने सोडलेल्या कर्नल थ्रेडला. त्याने शेवटी 'मॉड्यूल_पुट' केले तर जुन्या मॅक्रोचीच कथा पुन्हा घडते: दावा सुटला आणि परतीच्या सूचना अजून मॉड्यूलमध्येच. म्हणून कर्नलमध्ये एक खास फंक्शन आहे, जे दावा सोडते आणि थ्रेड तिथेच संपवते, कधीच परत येत नाही. ते गाभ्याच्या कोडमध्ये राहते. शेवटची पायरी बाहेर हवी, हा नियम इथेही सुटत नाही.

आता 'कोणत्या वस्तूवर' या प्रश्नाकडे येऊ, कारण प्रत्यक्षात सर्वाधिक बग इथे होतात. मॉड्यूलवरचा आकडा कोड राखतो, डेटा राखत नाही. यूएसबीवर लावलेले सिरियल उपकरण एखाद्या प्रोग्रॅमने उघडून ठेवले आहे आणि कोणी ते उपटले. मॉड्यूल जागेवर आहे, कारण फाइल उघडी आहे. उपकरण मात्र गेले, ड्रायव्हरचे 'डिस्कनेक्ट' चालले. त्या उपकरणासाठी घेतलेली मेमरी तिथल्या तिथे मोकळी केली, तर प्रोग्रॅमचा पुढचा 'रीड' एका जिवंत फंक्शनात शिरून मेलेल्या डेटावर हात टाकतो. कोडला एक आयुष्य, डेटाला दुसरे. डेटासाठी कर्नलमध्ये 'केरेफ' ही छोटी यंत्रणा आहे: निर्मितीच्या वेळी आकडा एक, प्रत्येक नव्या धारकाबरोबर वाढ, प्रत्येकाने सोडताना घट, आणि शून्यावर येताच 'रिलीज' फंक्शनला हाक. तिच्या दस्तऐवजात तीन नियम आहेत, आणि पहिले दोन सगळ्यांना पाठ असतात: पॉइंटर दुसऱ्याच्या हाती देण्याआधी वाढवा, काम संपल्यावर घटवा. तिसरा बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. ज्याच्या हाती आधीपासून वैध रेफरन्स नाही त्याला नवा घ्यायचा असेल, तर तेवढ्या वेळात शेवटची घट होऊ शकणार नाही अशी बाहेरून कुलुपाची सोय हवी. यादीत सापडलेल्या वस्तूवर नुसते 'केरेफ_गेट' करून भागत नाही. यादीचे कुलूप हातात हवे किंवा 'शून्य नसेल तरच वाढव' असे विचारायला हवे. म्हणजे इथेही तेच: आकडा वाढवणारा आधीच घट्ट जमिनीवर उभा असला पाहिजे.

सोयीच्या साधनांनी हा फरक धूसर केला आहे, हे मात्र म्हटले पाहिजे. २००७ च्या २.६.२१ पासून कर्नलमध्ये 'डेव्हएम' उपसर्गाची फंक्शने आली. मेमरी, इंटरप्ट, क्लॉक यांची जबाबदारी डिव्हाइसला बांधून द्यायची; ड्रायव्हर डिव्हाइसपासून सुटला की सगळे आपोआप परत. चुकांच्या वाटांवर पसरणारा 'गोटू'चा जंजाळ यामुळे कमी झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण 'डेव्हएम_केझेडअलॉक'ने घेतलेली मेमरी ड्रायव्हर सुटताच जाते, शेवटची फाइल मिटेपर्यंत थांबत नाही. जी मेमरी फाइल उघडणाऱ्यांपर्यंत पोचते तिच्यासाठी ते चुकीचे आयुष्य आहे. कर्नल विकासकांच्या २०२२ मधल्या प्लंबर्स परिषदेत लॉरां पँशार यांनी याच फंक्शनला उघड उघड घातक ठरवणारे व्याख्यान दिले होते. दोष साधनाचा की वापरणाऱ्याचा यावर वाद घालता येईल. मला वाटते, जे साधन वापरताना 'हा डेटा कोणाकोणाच्या हाती आहे' हा प्रश्नच पडत नाही, त्याच्याकडे दोषाचा थोडा वाटा जातोच.

कोड आणि डेटा यांची आयुष्ये वेगळी असली तरी एका ठिकाणी ती एकमेकांत अडकतात, आणि ती जागा फार फसवी आहे. डेटा मोकळा करणारे 'रिलीज' फंक्शन स्वतः कोडच असते, आणि बहुधा मॉड्यूलमध्येच असते. मॉड्यूलचे 'एक्झिट' चालले, डिव्हाइसची नोंद काढली, पण दुसऱ्या कोणी त्या डिव्हाइसवर रेफरन्स धरून ठेवला आहे. मॉड्यूल गेले. काही वेळाने त्याने रेफरन्स सोडला, आकडा शून्यावर आला आणि कर्नल 'रिलीज'च्या पत्त्याकडे वळला, जिथे आता काही नाही. यावर काहींनी काढलेली पळवाट म्हणजे 'रिलीज' द्यायचेच नाही. कर्नल त्यावर डिव्हाइसचे नाव घेऊन लॉगमध्ये सुनावतो, की याला रिलीज फंक्शन नाही, हे मोडके आहे, दुरुस्त करा. मग काही महाभाग रिकामे 'रिलीज' लिहून ती ओरड बंद करतात, आणि दस्तऐवजात अशांची जाहीर थट्टा करण्याची तंबीही देऊन ठेवली होती. सरळ मार्ग म्हणजे 'डिव्हाइस_क्रिएट'सारखी फंक्शने वापरणे, ज्यांचे 'रिलीज' गाभ्यात असते, किंवा नोंद काढल्यावर बाकीचे धारक सुटेपर्यंत 'एक्झिट'ला थांबवणे. असे बग चाचणीत सहसा दिसत नाहीत, कारण शेवटचा रेफरन्स बहुतेक वेळा लगेच सुटतो. ते दिसावेत म्हणून कर्नलमध्ये 'रिलीज' मुद्दाम काही सेकंद लांबवणारा एक डीबग पर्याय आहे. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने तो चालू ठेवून एकदा तरी मॉड्यूल चढवावे-उतरवावे.

इथवर वाचून कोणी म्हणेल, की मोजण्याचा एवढा खटाटोप मुळात हवाच कशाला? नेटवर्कवाल्यांनी तो टाळलाच की. खरे आहे, आणि म्हणूनच सुरुवातीच्या उदाहरणात 'ई१०००ई'चा आकडा शून्य होता. नेटवर्क इंटरफेस चालू असल्याने मॉड्यूल अडकत नाही. काढायला घेतले की ड्रायव्हर इंटरफेसची नोंद रद्द करतो आणि सगळे धारक सुटेपर्यंत तिथेच थांबतो. 'प्रॉक'च्या फाइलींचेही तसेच. तिथल्या नोंदीतले 'ओनर' खाते २००९ मध्ये काढून टाकले गेले, आणि नोंद काढणारे फंक्शन आत असलेली बोलावणी संपण्याची वाट पाहते. 'सिसएफएस'ही याच वळणाचे. ही पद्धत मला अधिक चोख वाटते, कारण मॉड्यूल हटवण्याचा अधिकार ती वापरणाऱ्यांच्या मर्जीवर सोडत नाही. पण तिने मोजणे संपत नाही, फक्त जागा बदलते. इंटरफेसवरचे रेफरन्स मोजलेच जातात, आणि त्यांतला एक कुठे गळला, की लॉगमध्ये अमुक इंटरफेस मोकळा होण्याची वाट पाहतो आहे, वापर-आकडा एक, असा संदेश दर काही सेकंदांनी उमटत राहतो. कंटेनर चालवणाऱ्या कित्येक प्रशासकांना तो तोंडपाठ आहे. शिवाय प्रत्येक उपकरणाला असे मधेच तोडता येत नाही. माउंट केलेल्या डिस्कच्या ड्रायव्हरने कोणालाही न विचारता निघून जावे असे कोणी म्हणणार नाही. दोन्ही पद्धतींत समान आहे ते हे, की वाट पाहणारा किंवा मोजणारा कर्नलच्या गाभ्यात बसलेला असतो.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. उत्पादनात मॉड्यूल काढतो कोण? पुण्यात वा बेंगळुरूत एखाद्या गाडीचे कंट्रोल युनिट बनवणाऱ्या चमूला विचारा. तिथे कित्येकदा सगळे ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधलेले असतात. कर्नलच्या कॉन्फिगरेशनमध्ये मॉड्यूल उतरवण्याची सोय बंद करण्याचा पर्याय आहे आणि त्याचे मदत-टिपण मोकळेपणाने सांगते, की ती बंद ठेवल्यास कर्नल लहान, वेगवान आणि साधा होतो. हा आक्षेप कोडच्या आयुष्यापुरता मान्य करायला हवा. पण डेटाचे आयुष्य त्याने सुटत नाही. 'सिसएफएस'मधल्या 'अनबाइंड' फाइलीत डिव्हाइसचे नाव लिहिले, की गाभ्यात बांधलेला ड्रायव्हरही त्या डिव्हाइसपासून सुटतो, आणि उघड्या फाइली तशाच राहतात. यूएसबीची केबल उपटणारा तर काही लिहीतही नाही. शिवाय मॉड्यूल उतरवता येते की नाही, हा ड्रायव्हरने आपला पसारा नीट आवरला आहे का याचा फुकट मिळणारा पुरावा आहे. जो ड्रायव्हर शंभर वेळा चढवून-उतरवून यंत्र शाबूत ठेवतो, त्याच्या चुकांच्या वाटाही बहुधा धड असतात.

आकडा बरोबर ठिकाणी आणि बरोबर हातांनी मोजला, तरी आकडा म्हणून त्याच्या स्वतःच्या मर्यादा आहेत. २०१६ च्या जानेवारीत उघड झालेली सीव्हीई-२०१६-०७२८ ही त्रुटी ड्रायव्हरमधली नव्हती, कर्नलच्या की-रिंगमधली होती. पण तिच्याइतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे सुचत नाही. एखाद्या प्रक्रियेने आपली सत्र की-रिंग त्याच की-रिंगने बदलली, तर एक रेफरन्स सोडायचा राहून जात असे. एक गळती म्हणजे काय मोठेसे? पण आकडा ३२ बिटांचा होता. तीच हाक ४२९ कोटींहून अधिक वेळा दिली की तो फिरून शून्यावर येई, मग वापरात असलेली वस्तू मोकळी होई आणि हल्लेखोराला रूट अधिकारांची वाट मिळे. शोधणाऱ्यांच्या यंत्रावर याला सुमारे अर्धा तास लागला. २०१७ च्या ४.११ मध्ये 'रेफकाउंट_टी' हा वेगळा प्रकार आला तो असल्याच अनुभवांतून. कमाल मर्यादेजवळ पोचला की तो तिथेच गोठतो, शून्यावरून वर जायला नकार देऊन इशारा छापतो. वस्तू मग कधीच मोकळी होत नाही, थोडी मेमरी वाया जाते. पण यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात जाण्यापेक्षा ते परवडले. 'केरेफ'च्या आतही आता हाच प्रकार असतो.

आणि काही धोक्यांना कोणताही आकडा झाकत नाही, तेही इथेच सांगून टाकतो. मॉड्यूलने लावलेला टायमर, रांगेत टाकलेले काम, आरसीयूला दिलेली परतीची हाक, यांच्याकडे मॉड्यूलच्या फंक्शनाचा पत्ता असतो पण मालकाची नोंद नसते. टायमर थांबवताना तो दुसऱ्या सीपीयूवर चालत असल्यास संपेपर्यंत थांबणारेच फंक्शन वापरावे लागते, कामाच्या रांगेचेही तसेच. आरसीयूच्या बाबतीत 'सिंक्रोनाइझ_आरसीयू' केले म्हणजे झाले असा समज पसरलेला आहे. ते फक्त वाचकांची वाट पाहते. आधीच दिलेल्या हाका अजून चालायच्या बाकी असू शकतात, आणि त्यांच्यासाठी 'एक्झिट'मध्ये 'आरसीयू_बॅरियर' लागतो. इथे मोजणारा बाहेर नाही म्हणूनच सगळा भार लेखकावर येतो, आणि तिथेच चुका होतात.

राहिला रस्टचा मुद्दा. डिसेंबर २०२२ च्या ६.१ पासून कर्नलमध्ये रस्टचा पाया घातला गेला आहे, आणि आयुष्ये व मालकी कंपायलरच तपासणार असेल तर हा सारा विषय इतिहासजमा होईल, असे उत्साहाने म्हटले जाते. डेटाच्या बाबतीत त्या उत्साहाला आधार आहे. रेफरन्स घेतल्याशिवाय वस्तूला हात लावता येत नाही आणि व्याप्ती संपताच तो आपोआप सुटतो, त्यामुळे 'सोडायला विसरलो' या जातीचे बग बरेच घटतील. उपकरण उपटल्यावर त्याच्या साधनांपर्यंत पोचण्याची वाट मागे घेता येईल असे प्रकारही तिथे घडवले गेले आहेत. कोडच्या बाबतीत मात्र गोष्ट अशी, की रस्ट भाषेच्या लेखी फंक्शन कायमचे असते. त्याचे आयुष्य 'स्टॅटिक', प्रोग्रॅम असेपर्यंत. उतरवता येणाऱ्या मॉड्यूलमध्ये ते तसे नसते, आणि कंपायलरला हे कळण्याचा मार्ग नाही. फंक्शनाचा पत्ता कर्नलकडे देताना सोबत मालक कोण हे सांगावेच लागते. रस्टमध्ये लिहिलेले मॉड्यूलही आपल्या नोंदीचा पत्ता नोंदणीच्या वेळी पुढे पाठवते, आणि पलीकडे तो उचलून मोजणारा कोड अजून सी भाषेतलाच आहे. पुढील पानांत सीमधली उदाहरणे जास्त आहेत ती याच कारणाने. वाचकाने प्रत्येकात आधी मालकाचे खाते कोण भरतो आणि 'ट्राय_मॉड्यूल_गेट' कोणाच्या फाइलमध्ये आहे ते शोधावे, ड्रायव्हरचा स्वतःचा कोड त्यानंतर.